घर विकणे आहे

‘घर विकणे आहे’ अशी पाटी कुठे दिसली, की माझे लक्ष प्रथम तिच्या व्याकरणाकडे जाते. या वाक्याला कर्ता नाही. ‘आम्ही हे घर विकत आहोत’ असे कोणी लिहीत नाही. जणू घराचे विकणे ही पाऊस पडण्यासारखी, दिवस मावळण्यासारखी आपली आपण घडणारी गोष्ट आहे. तिच्यामागे कोणाचा हात नाही, कोणाचे मन नाही! पाटी नवी असते तोवर यात काही बिघडत नाही. चार-सहा महिन्यांत गिऱ्हाईक मिळते, इसार होतो, खरेदीखत होते, पाटी उतरते आणि घराला नवा धनी लाभतो. प्रश्न उभा राहतो तो पाटीवरची अक्षरे उन्हाने विटू लागतात तेव्हा. दोन वर्षे जातात, पाच जातात, दहा जातात. घर विकले जात नाही. आणि आता विकायचे नाही, असेही कोणी म्हणत नाही.

अशा घराविषयी आज थोडे बोलावेसे वाटते. दिवाळीच्या अंकात हा विषय काढलेला काहींना रुचणार नाही. पण दिवाळीतच तर ही घरे डोळ्यांत भरतात. सगळ्या आळीत आकाशकंदील लागलेले असतात, आणि मध्येच एका ओटीवर काळोख असतो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नात्यागोत्यात असे एखादे घर असते. फराळाच्या वेळी त्याचा विषय निघतो, क्षणभर सगळे गंभीर होतात, ‘बघू या, एकदा सगळ्यांनी मिळून बसले पाहिजे’ असे कोणीतरी म्हणते, आणि चकलीचे कौतुक पुढे सुरू होते.

बाजारात न खपलेल्या मालाची एक रीत असते. हापूसची पेटी घेऊन बसलेला माणूस संध्याकाळ झाली की भाव उतरवतो. कारण उद्या आंब्याला डाग पडणार, हे त्याला ठाऊक असते. कापडवाला मोसम संपला की ‘सेल’ लावतो. मालाचे नासणेच विकणाऱ्याला निर्णय घ्यायला लावते. घराचे नासणे मात्र डोळ्यांना दिसू नये इतके संथ असते. म्हणून ‘जागेला काय खायला घालायचे आहे? राहीना पडून!’ असे आपण सहज म्हणतो. शिवाय जमिनीचे भाव चढतच जातात, असा आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांचा अनुभव आहे. तेव्हा वाट पाहणे म्हणजे जणू कमावणेच, अशी समजूत होऊन बसते. मला वाटते, या विषयातला पहिला गैरसमज हाच आहे. घराला खायला लागते. ते माणसांचा वावर खाऊन जगते.

माझे आजोळ दक्षिण रत्नागिरीतले. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परसात विहीर. अशा घराची रचनाच मुळी, यात माणसे राहणार, हे गृहीत धरून केलेली असते. चुलीचा धूर रोज वर जाई आणि वाशांवर, रिपांवर काजळीचे पूट चढे. किडीला ते मानवत नसे. चूल थंडावली की हे संरक्षण गेले. वानर छपरावर उडी मारते, एक कौल सरकते. राहता माणूस ते दुसऱ्या दिवशी जागेवर बसवतो. त्याकडे पाहणारे कोणी नसेल, तर त्याच फटीतून पावसाळाभर पाणी वाशाच्या एकाच जागी ठिबकत राहते. वासा मऊ पडतो, मग तिथे वाळवी लागते आणि काही वर्षांत तेवढे छप्पर खचते. विहीर उपसली नाही की पाणी कुजते. भिंतीच्या भेगेत पाखराने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. कोवळे असताना दोन बोटांनी उपटता आले असते, ते पुढे भिंत उलून काढते. शेवटी जी लाखाची दुरुस्ती निघते, तिचे मूळ कधीतरी न केलेल्या पाच मिनिटांच्या कामात असते.

मग ती पाच मिनिटे कोणी का काढीत नाही? आळसाने नव्हे. दर मे महिन्यात कौले परतायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘विकायच्या घरावर आता कशाला खर्च करायचा?’ वाक्य व्यवहाराला धरून आहे, म्हणूनच ते घातक आहे. छप्पर गळते म्हणून गिऱ्हाईक किंमत पाडून मागते. किंमत पाडून मागते म्हणून सौदा फिसकटतो. सौदा फिसकटतो म्हणून आणखी एक पावसाळा छपरावरून जातो. त्यातच नव्या गिऱ्हाइकाच्या मनात संशय येतो, की इतकी वर्षे घर का गेले नाही? काही भानगड आहे की काय? दलालाला तो हळूच विचारतो, जागेत काही बाधा वगैरे? बाधा असतेच, पण ती ‘विकायचे आहे’ या दोन शब्दांची असते.

भिंती आणि वासे यांचे हे असे होते. माणसांचे काय होते?

माझी आजी २००३ साली गेली. २००५ साली घर विकायचे ठरले. ‘ठरले’ हेही बिनकर्त्याचेच क्रियापद! ते प्रत्यक्षात विकले गेले २०१९ साली. या चौदांपैकी तेरा वर्षे त्या घरात माझी थोरली मामी एकटी राहिली. थोरले मामा आधीच गेलेले, मूलबाळ नाही. दर पावसाळ्याच्या तोंडावर परसात माडाचे एखाददुसरे रोप लावायचे, हा तिचा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. २००६ च्या जूनमध्ये मी गेलो, तेव्हा परसात नवे आळे दिसले नाही. म्हणून सहज विचारले, ‘मामी, यंदा रोप नाही का लावलं?’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, ‘अरे, माड लावायचा म्हणजे जमिनीला सात वर्षांचा शब्द द्यायचा. मी कुठून देऊ? पुढल्या वर्षी मी इथं आहे की नाही, हे मलाच कुणी सांगितलेलं नाही.’

आमच्याकडच्या बाणवली माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. त्या वर्षी लावलेला माड २०१३ च्या सुमारास धरला असता, आणि पुढे मामीच्या अखेरीपर्यंत तिला नारळ विकत आणावा लागला नसता. पण माडाचे एक सोडा. ओटीवरच्या झोपाळ्याची कडी निसटली, ती तिने बसवून घेतली नाही. गाय विकून टाकली. गिऱ्हाईक उद्या आले तर गाय कुठे न्यायची? माहेरच्या भाचीला ‘बाळंतपणाला इकडे ये’ म्हणावे, असे तिच्या फार मनात होते. पण म्हणाली नाही. गिऱ्हाइके येत, भिंतीवर बोटे वाजवून बघत, पावलांनी लांबी-रुंदी मोजत. ‘हे स्वयंपाकघर पाडलं, की इथं गाडी आरामात उभी राहील,’ असे एकाने तिच्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हटलेले मी ऐकले आहे. मामी त्याच्याचसाठी चहा गाळीत होती. तिने कप पुढे केला.

तिला कोणी घराबाहेर काढले नव्हते. तिचा हिस्सा होता, डोक्यावर छप्पर होते, धाकटे मामा महिन्याच्या महिन्याला न चुकता पैसे पाठवीत. तिच्याजवळून गेला होता तो फक्त उद्याचा दिवस. आणि तो कोणी नेला, असे विचाराल तर बोट दाखवायला माणूस सापडणार नाही. वारस पाच होते : मामी, दोन मामा, माझी आई आणि मावशी. पाचही भली माणसे. कोणी कोणाचे वाईट चिंतिले नाही. केवळ वाट पाहिली गेली.

या वाट पाहण्याची कारणे शोधू लागलो, की पहिले कारण सापडते ते किमतीचे. घर विकत घेतलेले असले तर निदान दिलेली किंमत तरी आठवणीत असते. वारशाने आलेल्या घराची किंमत ऐकीव असते. रस्त्यालगतच्या अमक्याच्या जागेला इतके आले. पलीकडच्या गावात मुंबईच्या माणसाने तितके मोजले. आता महामार्ग रुंद होणार, मग बघा! प्रत्येक वारसाच्या मनात वेगळा आकडा असतो, आणि पाचांचे एकमत होते ते सर्वांत मोठ्या आकड्यावर. अर्थशास्त्रज्ञांनी या स्वभावाची गंमतीदार परीक्षा घेतली आहे. रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन टाकले आणि विचारले, केवढ्याला विकाल? ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विचारले, केवढ्याला घ्याल? विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला. घटकाभर हातात आलेल्या मगाची ही कथा. मग ज्या उंबऱ्यावर आपण पडलो-झडलो, त्याची काय असेल?

घरांच्या बाबतीत हेच डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोघांनी बॉस्टन शहरातल्या १९९० नंतरच्या विक्रीव्यवहारांवरून २००१ साली दाखवून दिले. भाव पडल्यामुळे ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत विकावे लागणार होते, ते मालक इतरांपेक्षा चढी किंमत सांगत आणि त्यांची घरे जास्त दिवस पडून राहत. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की अशा मालकांना शेवटी किंमत थोडी अधिक मिळे. म्हणजे थांबण्यात काहीच हशील नसते असे नव्हे. पण थांबण्याची किंमतही कोणीतरी भरीत असतो, आणि ती विक्रीच्या कागदावर कुठे लिहिलेली नसते. आमच्या घरापुरती ती मामीच्या खात्यात पडत होती.

दुसरे कारण सह्यांचे. घर पडून राहते, पण वारस पडून राहत नाहीत. मधले मामा २०११ साली वारले आणि त्यांच्या एका सहीच्या जागी तीन सह्या आल्या. मामी आणि दोन मुले, त्यांतला एक परदेशात. पाचाच्या सात झाल्या. मुखत्यारपत्र आले, वारसनोंद आली, फेरफार आला. ज्यांनी त्या घरात बालपण काढले त्यांच्या जागी ज्यांनी ते मे महिन्याच्या सुट्टीत पाहिले होते ते आले. त्यांना घर म्हणजे सातबाराच्या उताऱ्यावरचा एक हिस्सा. यात त्यांचा दोष नाही. उशीर झाला की आठवणी वारशाने मिळत नाहीत, हिस्से तेवढे मिळतात. गोव्यात तर, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या परंपरेप्रमाणे, नवरा-बायकोची मिळकत सामान्यतः समाईक धरली जाते. त्यामुळे घर विकताना वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही संमती लागते. एका घराला पिढी-दीड पिढीत किती सह्या लागू शकतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सह्यांचा विषय निघाला म्हणून लेकींच्या सहीविषयी चार शब्द. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला. पण राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क, पुरुष वारस वाटणी करायचे ठरवीपर्यंत, तिला नव्हता. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने गेले. वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही आधी लग्न होऊन गेलेल्या मुलींना वगळून. देशभर तो २००५ साली आला, आणि त्या वेळी बाप हयात असला पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा इतका चालत आला. घरातली रीत मागेच रेंगाळली. भाऊबीजेच्या तबकाशेजारी हक्कसोडपत्राचा कागद ठेवल्याच्या गोष्टी मी एकाहून अधिक घरांत ऐकल्या आहेत.

माझ्या आईकडे असा कागद २००८ साली आला. तिने तो वाचून घडी केला आणि कपाटात ठेवला. तिला पैशाचा मोह पडला, असे एक-दोघांना वाटले. तिने धाकट्या मामांना सांगितले ते एवढेच : ‘दादा, मला काही नको. पण वहिनी कुठं राहणार, ते आधी यात लिही. मग मी डोळे मिटून सही करते.’ मामा म्हणाले, ‘अगं, तिला काय आपण उघड्यावर टाकणार आहोत?’ आई म्हणाली, ‘नाही ना? मग लिहायला काय हरकत आहे?’ कागदावर ते वाक्य कधी लिहिले गेले नाही, आणि आईची सहीही झाली नाही.

वरवर पाहणाराला वाटेल, की आईनेही विक्री अडवलीच; मग इतरांच्या थांबण्यात आणि तिच्या थांबण्यात फरक तो काय? मला तो फरक फार मोठा वाटतो. आईच्या थांबण्याला कारण होते, अट होती, आणि मुख्य म्हणजे कर्ता होता. ‘मी थांबले आहे, अमुक केलेत तर थांबणार नाही’ असे ती तोंडावर सांगत होती. बाकीचे थांबणे हे धुक्यासारखे होते. ते कोणाचेच नव्हते आणि सगळ्यांवर होते.

यातूनच मी तिसऱ्या आणि खऱ्या कारणापाशी येतो. न विकलेले घर ही मनाची एक मोठी सोय असते. विकले तर पूर्वजांची वास्तू घालवल्याचा ठपका. राखले तर कौले, कर, गडी, हेलपाटे. न विकता ‘विकायला काढलेले’ ठेवले, की दोन्हींतून सुटका! शहरातल्या दोन खोल्यांत बसून ‘आमचे गावाकडे घर आहे’ असे म्हणता येते आणि ‘आता ते विकायचेच आहे’ म्हणून त्याच्या गळत्या छपराकडे पाठही फिरवता येते. ठेवल्याचा अभिमान आणि विकल्याची मोकळीक, दोन्ही एकाच वेळी, आणि फुकट. फुकट म्हणजे आपल्याला फुकट. काही न करण्याने माणूस कर्मातून सुटत नाही, हे आपल्याकडे गीतेपासून सांगत आले आहेत. न केलेल्या कर्माचेही फळ असते. एवढेच, की ते बहुधा दुसऱ्याच्या पानात पडते.

ही गोष्ट कोकणापुरती नाही आणि आपल्या देशापुरतीही नाही. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली; ती सारीच काही विकायला काढलेली नव्हती, पण कुलपे एवढी होती. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत अशी घरे ९० लाखांच्या घरात, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के, निघाली. तिथल्या खेड्यांतली मुले शहरांत गेली, लोकसंख्या घटत चालली, आणि आईबापांची घरे ना कोणी घेईना ना कोणी राहीना. २०१५ साली तिथे कायदा लागू झाला, की मोडकळीला आलेले रिकामे घर आजूबाजूला धोकादायक ठरत असेल, तर नगरपालिकेने मालकाला समज द्यावी, हुकूम काढावा आणि शेवटी ते पाडूनही टाकावे. या कायद्यामागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. घर माझे असले, तरी त्याचे पडणे माझे एकट्याचे नसते. आमच्या आजोळी सामाईक गडगा ढासळला, तेव्हा पावसाचे पाणी गेले ते शेजाऱ्याच्या खळ्यात. साप निघाला तो त्याच्या पडवीत. तो बिचारा पत्र कोणाला लिहिणार? सातांपैकी कोणाला?

इथे दोन बाजूंनी दोन आक्षेप येतील. एक व्यवहारी माणूस म्हणेल, ‘भावनेचा हा पसारा कशाला? मिळेल त्या किमतीला विकून मोकळे व्हावे.’ दुसरा हळवा म्हणेल, ‘वाडवडिलांची वास्तू विकायचीच कशाला?’ मला दोघांशीही भांडायचे नाही. घर विकणे हे पाप नव्हे. पूर्वजांनीही कुठले तरी घर सोडूनच हे बांधले होते. घर राखणे हाही भाबडेपणा नव्हे. ज्याला झेपते त्याने जरूर राखावे. विकणारा काही गमावतो आणि त्याचा शोक करतो. राखणारा काही भरतो आणि त्याचा भार सोसतो. दोघेही किंमत स्वतः देतात. माझी तक्रार आहे ती तिसऱ्या अवस्थेविषयी. त्या अवस्थेत घर मालाच्या फळीवर चढते, पण माल म्हणून खपत नाही. आणि घर म्हणून त्याच्याकडे बघणे तर सगळ्यांनी सोडूनच दिलेले असते. त्रिशंकूला निदान विश्वामित्राने स्वतंत्र स्वर्ग रचून दिला होता. या घरांना तेवढाही आधार नाही.

मामी २०१८ साली त्याच घरात, माजघरात गेली. पुढच्या वर्षी घर विकले गेले. मिळालेली किंमत पहिल्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेपेक्षा आकड्याने थोडी अधिक होती, मोलाने बरीच कमी. घेणाऱ्याने घर पाडले. त्याचाही इलाज नव्हता, मागचे छप्पर उतरलेच होते. वाटणीच्या यादीत समया होत्या, तांब्याचा बंब होता, झोपाळ्याच्या पितळी कड्याही होत्या. देवघरातले देव कोणाच्याच नावापुढे लिहिलेले नव्हते. ते आईने पदरात घेऊन आणले.

या अनुभवातून मी एक साधा हिशेब मनाशी बांधला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो. घर विकायचे असेल, तर त्याला मुदत घालावी. अमुक दिवाळीपर्यंत अमुक किमतीच्या आत-बाहेर विकू. न गेले तर राखू, नाहीतर भाड्याने देऊ, नाहीतर त्यात राहणाऱ्याच्या नावे करू. मुदत नसलेली वाट ही वाट नसते, ते रान असते. दुसरे, पाच-सात वारसांत एकाने ‘हे मी बघतो’ म्हणून पुढे यावे, आणि इतरांनी त्याला तसे लिहून द्यावे. तिसरे, त्या घरात जो कोणी राहत असेल, म्हातारी काकू असो, जुना गडी असो, त्याचा प्रश्न किमतीच्या आधी सोडवावा आणि तोही कागदावर. कारण तोंडी माया पुष्कळ असते, पण तिच्यावर माड लावता येत नाही.

आणि चौथे, हे माझ्या मते सर्वांत मोठे : विकले जाईपर्यंत घराने घर म्हणून जगावे. कौले परतावीत, विहीर उपसावी, तुळशीपुढे दिवा लागावा, पावसाळ्याच्या तोंडावर रोप लावावे. नारळ आपण खाऊ की घेणारा खाईल, हा प्रश्न विचारू नये. आंबा लावणाऱ्या आजोबांनी तो विचारला नव्हता. यात तोटा तर नाहीच. नांदते घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला संशय येत नाही आणि किंमतही बरी येते, हे कोणताही दलाल सांगेल. पण हिशेब त्यासाठी करायचा नाही. वस्तू आपल्या हातातून जाणार आहे म्हणून तिच्याविषयीचे आपले कर्तव्य आधीच संपत नाही. मुलगी सासरी जाणार म्हणून तिला आदल्या दिवशी उपाशी ठेवीत नाहीत. उलट, जाणाऱ्याचे अधिकच करावे, अशी आपली रीत आहे.

मला वाटते, हे घरापुरतेही खरे नाही. बदलीची वाट बघणारा माणूस गावात शेजार जोडीत नाही; निवृत्तीची वाट बघणारा शेवटच्या वर्षी नवे काम शिकत नाही; मुले परदेशी बोलावतील म्हणून थांबलेले आईबाप खिडकीचे तुटलेले दार बसवून घेत नाहीत. आपण ‘पुढे काय ते ठरले की मग’ असे म्हणतो आणि मधली वर्षे बाजूला काढून ठेवतो. ती बाजूला राहत नाहीत. तीही आयुष्यातलीच असतात, आणि जो ती काढतो त्याचीच वजा होतात.

या दिवाळीत फराळाच्या वेळी तुमच्याकडेही कदाचित तो विषय निघेल. कोणीतरी नेहमीप्रमाणे ‘बघू या’ म्हणेल. त्या जागी कोणी ‘मी बघतो’, ‘मी बघते’ एवढे म्हटले, तरी त्या घराचे पुष्कळ काम होईल. आणि तिथे कोणी राहत असेल, तर त्यांना आजच फोन करावा. फराळ पोचला का, हे विचारावेच. पण ‘येत्या पावसाळ्यात परसात काय लावायचं?’ हेही विचारावे. उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबावे लागेल. असा प्रश्न त्यांना पुष्कळ वर्षांत कोणी विचारलेला नसेल.